गोव्याच्या अंगणात व्हायबर्नम फुलेल का?

अंगणातली_तुळस
नमस्कार. आमचे घर फोंडा तालुक्यात आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही सिमल्याला गेलो असताना मुक्कामाच्या जागेशेजारी एका जुन्या बंगल्याच्या कुंपणावर एक झुडूप पाहिले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. पुरुषभर उंचीच्या त्या झुडपाच्या प्रत्येक फांदीला संत्र्याएवढे पांढऱ्या फुलांचे गोळे लागले होते. त्यांतले नुकते उमलू लागलेले गोळे पोपटी होते, पूर्ण उमललेले शुभ्र होते आणि भाराने फांद्या कमानीसारख्या वाकल्या होत्या. तिथल्या माळ्याने ‘स्नोबॉल’ एवढेच नाव सांगितले. त्याचे खरे नाव व्हायबर्नम असल्याचे मला घरी परतल्यावर समजले.

आमच्या तुळशीवृंदावनामागे चिऱ्यांची जुनी भिंत आहे आणि तिच्यापुढे सुमारे सहा फूट रुंदीची जागा मोकळी आहे. तिथे सकाळी अकरापर्यंत ऊन असते, नंतर फणसाची सावली येते. माती जांभ्याची आहे, पाणी तुंबत नाही. माझ्या सासूबाईंची दृष्टी आता अधू झाली आहे, आणि ओसरीवर बसल्या जागेवरून त्यांना पांढरी फुले तेवढी ओळखू येतात. म्हणून हेच झुडूप तिथे असावे, अशी मनापासून इच्छा आहे. ते आपल्याकडे जगेल का, फुलेल का, आणि रोप कुठून आणावे, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

पानवाचक
ताई, उत्तर देण्यापूर्वी झाडाची ओळख पक्की करून घेऊ, कारण हायड्रेंजिया आणि व्हायबर्नम यांच्यात भल्याभल्यांची गफलत होते. दोघांचेही गोळे दुरून सारखेच दिसतात. गोळ्यातले एक फूल सुटे करून पाहिले, तर हायड्रेंजियात बहुधा चार ‘पाकळ्या’ दिसतात आणि त्या खरे तर पाकळ्या नसून मोठी झालेली निदले (कळीला बाहेरून झाकणारी दले) असतात. व्हायबर्नममध्ये पाच पाकळ्या असतात, त्या खऱ्या असतात आणि बुडाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. पानही पाहावे. ते भेंडीच्या किंवा कापसाच्या पानासारखे तीन भागांत विभागलेले असेल, तर तो युरोपातला व्हायबर्नम ओप्युलस. पानावर पंख्यासारख्या ठळक समांतर घड्या असतील, तर तो चीन-जपानकडचा व्हायबर्नम प्लायकॅटम. छायाचित्र असल्यास अवश्य द्यावे.

मोगऱ्याची_वेणी
व्हायबर्नम ओप्युलस हे नाव मी होमिओपॅथीच्या बाटलीवर वाचले आहे. तेच का हे?

पानवाचक
होय, तेच. त्या झुडपाची साल पाळीच्या वेळच्या पोटदुखीवर वापरण्याची युरोपात जुनी पद्धत आहे आणि होमिओपॅथीनेही ते नाव घेतले. अंगणासाठी मात्र त्याच जातीचा ‘रोझियम’ हा निवडक प्रकार लावतात. गोळे त्यालाच येतात. मूळ रानटी झाडाचा गुच्छ चपटा असतो.

उत्तरायण
मी मूळचा म्हापशाचा, गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या मागच्या अंगणात हा ‘रोझियम’ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नोव्हेंबरपर्यंत त्याची सगळी पाने गळून जातात. त्यानंतर चार महिने ते झुडूप म्हणजे नुसत्या करड्या काटक्या असतात आणि त्यांच्यावर कित्येक पहाटे दंव गोठलेले असते. पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन या काटक्यांवर घट्ट मिटून बसलेल्या असतात, आणि पुरेशी थंडी भोगल्याशिवाय त्या नीट उघडत नाहीत. हे मला महाग पडलेल्या चुकीतून समजले. पहिल्या वर्षी मी आपल्याकडच्या जास्वंदीला करतो तशी फेब्रुवारीत सरसकट छाटणी केली. झाड जोमाने फुटले, पाने सुरेख आली, पण मे महिन्यात एकही गोळा दिसला नाही, कारण सगळ्या कळ्या मीच कापून टाकल्या होत्या. या झुडपाची छाटणी फुले ओसरल्यावर लगेच करायची, नंतर हात लावायचा नाही.

ताईंच्या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर असे आहे की हे विशिष्ट झुडूप गोव्यात फुलणार नाही. जानेवारीच्या पहाटेसुद्धा पणजीत पारा २० अंशांच्या आसपास असतो. त्या झाडाच्या लेखी तो हिवाळाच नव्हे.

जाता जाता एक आवडीची गोष्ट सांगतो. इथे ऐन हिवाळ्यात उघड्या फांद्यांवर फुलणारा गुलाबी, सुगंधी व्हायबर्नम बॉडनन्टेन्स फार प्रिय आहे. हा संकर प्रथम १९३३ मध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात झाला आणि त्यानंतर लवकरच वेल्समधल्या बॉडनन्ट बागेत. नाव त्या बागेवरून पडले. त्याच्या आईबापांपैकी एक आपल्या हिमालयातला व्हायबर्नम ग्रँडिफ्लोरम आहे.

रातराणी
मी पेडण्याची. मलाही अशाच गोळ्यांचा मोह पडला होता. दोन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘स्नोबॉल व्हायबर्नम’चे बी मागवले. पाकिटावर पांढरे, गुलाबी आणि चक्क निळे गोळे छापलेले होते. कोकोपीट आणले, ट्रे भरला, रोज सकाळी पाण्याचा फवारा दिला. आठव्या दिवशी कोंब आले तेव्हा घरात मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. दीड महिन्यात कळले की तो राजगिऱ्याच्या जातीचा काहीतरी पाला आहे. पैसे फार गेले नाहीत, पण रोज सकाळचा तो जीव गुंतलेला अर्धा तास आठवला की अजून वाईट वाटते. कुणी बी मागवणार असेल, तर कृपया मागवू नये.

पानवाचक
रातराणीताई, तुम्हाला झालेला त्रास इतरांना होऊ नये म्हणून कारण स्पष्ट लिहितो. स्नोबॉलच्या गोळ्यातली सर्व फुले वांझ असतात. त्यांत पुंकेसर आणि बीजांड यांची वाढच होत नाही, सगळा जोर पाकळ्यांवर गेलेला असतो. त्यामुळे त्याला फळ नाही आणि बीही नाही. तो केवळ फांदीपासून किंवा कलमापासून वाढवतात. स्नोबॉलचे बी विकणारा दुसरेच काहीतरी विकत असतो, एवढे पक्के धरावे.

ज्या व्हायबर्नमांना बी धरते, त्यांचेही बी आठ दिवसांत कधीच रुजत नाही. त्यांपैकी अनेकांची सुप्तावस्था दुहेरी असते. आधी उबेत मूळ फुटते, मग थंडीचा एक काळ गेल्यावर कोंब वर येतो, आणि या साऱ्याला वर्ष-दीड वर्षही लागते. निळ्या रंगाचे म्हणाल, तर तो हायड्रेंजियाचा गुण आहे. आम्ल मातीत ॲल्युमिनियम मुळांना उपलब्ध होते आणि फूल निळे होते. व्हायबर्नमला निळे फूल येत नाही.

चिरेबंदी
उत्तरायण यांच्या म्हणण्याला छेद देणारा नव्हे, पण भर घालणारा अनुभव माझ्याकडे आहे. व्हायबर्नमच्या दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्याच बर्फाळ प्रदेशातल्या नाहीत. डिचोलीला माझ्या घरापुढे व्हायबर्नम ओडोरॅटिसिमम चार वर्षांपासून आहे. ही सदाहरित जात आहे. आपल्या ईशान्य भारतापासून चीन-जपानपर्यंत ती आढळते, आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडासारख्या दमट, उष्ण भागात तिची कुंपणे करतात. जपानमध्ये तिची जाड, पाणीदार पाने आग पसरू देत नाहीत म्हणून घराभोवती ती लावण्याची प्रथा आहे. तिचे पान चुरगळले की हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास येतो.

मी रोप आणले ते ईशान्येकडे नोकरीला असलेल्या मेहुण्याकडून. पहिल्या पावसाळ्यात ते जवळजवळ गेलेच होते. मी नेहमीच्या सवयीने जूनच्या पहिल्या पावसात खड्डा घेऊन लावले, आणि जुलैत खड्ड्याची विहीर झाली, कारण जांभा खणला की कडा कातळासारख्या राहतात आणि पाणी आत कोंडते. बुंध्याजवळची साल तपकिरी पडलेली पाहून मी ते उपटले, सडलेली मुळे कापली आणि चिऱ्यांचा दीड फूट उंच चौथरा करून त्यावर लावले. त्या चौथऱ्यात चिऱ्याची खर, कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत होते. आज ते सात फूट उंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या पानांवर तपकिरी डाग येऊन ती गळतात, म्हणून मी आतल्या दाट फांद्या काढून वारा खेळता ठेवतो. उन्हाळ्यात पांढऱ्या माशीमुळे पानांवर काळी काजळी धरते. ती मी ओल्या फडक्याने पुसतो आणि निंबोळी तेल फवारतो.

फुले मात्र आजवर एकदाही आलेली नाहीत. याचे कारण कुणी सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तरायण
चिरेबंदी, तुम्ही छाटणी कधी करता?

चिरेबंदी
दरवर्षी दिवाळीपूर्वी. रंगरंगोटीच्या वेळी सगळे कुंपण एका रेषेत आणतो, त्यातच तेही येते.

उत्तरायण
मग माझीच चूक तुम्ही चार वर्षे करीत आहात असे वाटते. या जातीलाही फुलोरा येतो तो आदल्या हंगामात वाढलेल्या फांदीच्या टोकावर, वसंतात. पावसाळ्यात वाढलेली टोके तुम्ही ऑक्टोबरात कापता. एक वर्ष त्याला अजिबात हात लावू नका आणि मार्च-एप्रिलपर्यंत वाट पाहा. थंडी कमी पडते हेही कारण असू शकेल, पण कात्री थांबवल्याशिवाय थंडीला दोष देता येणार नाही.

कुळागरवाली
इतका वेळ वाचत होते, आता लिहिल्यावाचून राहवत नाही. मी सत्तरी तालुक्यात राहते, वयही सत्तरच्या पुढे आहे. सिमल्याचे झाड सिमल्यात शोभते. आपल्या रानात गुच्छाने फुलणारी पांढरी झुडपे आहेत की नाहीत, हे आधी पाहायला नको का?

आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, वरच्या अंगाला पापटाची तीन झुडपे आहेत, ती कुणी लावलेली नाहीत. पावसाच्या तोंडावर ती फुलतात तेव्हा झुडूप पांढऱ्या गुच्छांनी भरते. प्रत्येक फुलाला चार अरुंद पाकळ्या आणि त्यांच्या मधून बाहेर आलेली टाचणीसारखी लांब दांडी, त्यामुळे गुच्छ दुरून केसाळ दिसतो. रात्री वास सुटतो आणि मोठे पतंग येतात. पुढे काळी फळे धरली की बुलबुल हटत नाहीत. आणि शेरवड तर सर्वांना ठाऊक आहे, ज्याला मराठीत भूतकेस म्हणतात. नारिंगी इवले फूल आणि त्याच्या शेजारी पानासारखी एकच मोठी पांढरी पाकळी. चतुर्थीच्या दिवसांत रानवाटेवर अंधारातही ती चमकते. अधू दृष्टीच्या माणसाला याहून स्पष्ट काय दिसणार?

पानवाचक
मावशी, तुम्ही शेरवडाचे नाव काढलेत याचा मला विशेष आनंद झाला, कारण ते आणि व्हायबर्नम एकाच युक्तीची दोन रूपे आहेत. रानटी व्हायबर्नम ओप्युलसच्या चपट्या गुच्छात मध्यभागी बारीक, जननक्षम फुले असतात आणि कडेला मोठ्या पाकळ्यांची वांझ फुले असतात. कडेच्या फुलांचे काम एकच: कीटकांना दुरून बोलावणे. शेरवडात हेच काम एखाद्या फुलाचे एकच निदल मोठे आणि पांढरे होऊन करते. ती पाकळी नव्हे. माणसाने कडेच्या वांझ फुलांवर भाळून सगळीच फुले तशी असलेला प्रकार निवडला, त्यातून स्नोबॉल झाला. मधमाशीला त्यात काहीही मिळत नाही.

पापटाबद्दल एक सूचना. त्याच्या पानांवर बारीक काळे ठिपके दिसतात. तो रोग समजून अनेक जण औषध मारतात. ते ठिपके म्हणजे पानाच्या आत राहणाऱ्या जिवाणूंच्या गाठी आहेत, जन्मापासूनच्या सोबती. फवारणी करू नये.

डोंगरवाट
व्हायबर्नम अगदीच परके नाही, हेही नोंदवतो. निलगिरीच्या शोला जंगलांत व्हायबर्नम इरुबेसन्स रानटी वाढते. मी ते उटीकडच्या भटकंतीत पाहिले आहे, पांढऱ्या फुलांचे लोंबते घोस आणि त्यांवर गुलाबी छटा. म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिण भागात या कुळाची वस्ती आहेच. फरक उंचीचा आहे. चोर्ला घाट सुमारे ८०० मीटरवर, उटी २,२०० मीटरच्या वर.

अंगणातली_तुळस
सर्वांचे मनापासून आभार. छायाचित्र धूसर निघाले आहे, पण त्या दिवशी वाटेवर पडलेला एक छोटा गुच्छ आणि एक पान मी डायरीत ठेवले होते. आज डायरी उघडली. फुले चहाच्या डागाच्या रंगाची झाली आहेत, तरी पाकळ्या मोजता येतात: प्रत्येकाला पाच, बुडाशी जोडलेल्या. पान तीन भागांचे आहे. म्हणजे पानवाचक म्हणतात तो ओप्युलसच.

मावशींचे म्हणणे मला पटते आहे, पण एक सांगावेसे वाटते. परक्या झाडाची हौस म्हणून मी हे मागत नाही. तो गोळा सासूबाईंनी मोबाइलवर अगदी डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि ‘हा कळतो मला’ म्हणाल्या. त्या वाक्यावर मी अडकले आहे. शेरवडाची पाकळी स्पष्ट आहे, पण सुटी सुटी आहे. भरगच्च गोळा हवा आहे. एका नातेवाइकांनी सुचवले की मोठ्या कुंडीत लावून डिसेंबर-जानेवारीत मुळांशी रोज बर्फाचे खडे घालावेत. याचा उपयोग होईल का?

उत्तरायण
नाही, ताई. थंडी हवी असते ती फांदीवरच्या कळीला, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, साधारण शून्य ते सात अंशांच्या दरम्यान. मुळांशी ठेवलेला बर्फ तासाभरात वितळतो, कळीला त्याचा पत्ताही लागत नाही आणि मुळांना धक्का मात्र बसतो. ते करू नये.

साळावली
भरगच्च पांढरा गोळाच हवा असेल, तर हजारी मोगरा का नको? सांग्याला आमच्या न्हाणीमागे आहे. मुठीएवढा गच्च गोळा, प्रत्येक फूल दुहेरी पाकळ्यांचे, पांढऱ्यावर फिकट गुलाबी झाक, आणि संध्याकाळी वास ओसरीपर्यंत. थंडी नको, खत नको, वर्षभर थोडी थोडी फुले असतात. फांदी खोचली तरी लागते.

कुळागरवाली
फांदी खोचली तरी लागते, हीच त्याची खोड आहे. आमच्या शेजाऱ्यांनी एक रोप लावले. तिसऱ्या वर्षी ते पोफळींच्या पाटात शिरले; मुळांपासून कोंब येत राहतात आणि उपटले की तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला नवे झाड येते. पान चुरगळले तर घाण वास. ओहोळाच्या किंवा रानाच्या कडेला ते कदापि लावू नये.

पानवाचक
मावशींची भीती रास्त आहे. हजारी मोगरा मूळचा चीनकडचा आहे आणि पॅसिफिक बेटांवर तो उपद्रवी ठरला आहे. दुहेरी पाकळ्यांमुळे त्यालाही स्नोबॉलप्रमाणे बी धरत नाही, तो पसरतो तो केवळ मुळांनी. म्हणून ताईंच्या जागेत तो आवरता येईल: एका बाजूला भिंत आहेच. उरलेल्या तीन बाजूंना चिरे उभे गाडून दोन फूट खोल कुंडच करावे, किंवा बुडाला भोके असलेल्या मोठ्या ड्रममध्ये तो ठेवावा आणि ड्रम मातीला न टेकवता विटांवर ठेवावा. बाहेर आलेला कोंब दिसला की त्याच दिवशी काढावा. हे दर महिन्याला करायची तयारी नसेल, तर लावू नये.

रातराणी
आणि वास आहे, हा मोठा गुण. सासूबाईंना दिसेल आणि समजेलही. देवाला वाहता येतो का तो?

कुळागरवाली
आमच्याकडे वाहतात. वेणीतही माळतात.

चिरेबंदी
या वर्षी दिवाळीला मी कुंपण छाटले, पण व्हायबर्नमला हात लावला नाही. घरच्यांना ते वेडेवाकडे वाटते. काल जवळून पाहिले, तर तीन फांद्यांच्या टोकांना नेहमीच्या पालवीपेक्षा जाड, किंचित फुगीर डोळे दिसत आहेत. फुलोऱ्याचेच आहेत असे मी आताच म्हणणार नाही. मार्चमध्ये छायाचित्र देईन.

अंगणातली_तुळस, तुम्हाला व्हायबर्नम नावाचे झाड दारी हवेच असेल, तर माझ्या झुडपाची गुटी (फांदीलाच मुळे फोडून केलेले कलम) तुमच्यासाठी बांधतो. त्याला गोळा येणार नाही, आला तर निमुळता विरळ घोस येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

अंगणातली_तुळस
दादा, अवश्य बांधा. घरी बोलणे झाले आहे. भिंतीच्या ओसरीकडच्या टोकाला चिऱ्यांच्या कुंडात हजारी मोगरा लावायचा, म्हणजे तो सासूबाईंच्या खुर्चीपासून चार पावलांवर येईल आणि कोंब दिसला की मला रोजच दिसेल. मधल्या जागेत पापट, मावशींनी बी दिले तर त्यांच्याच झुडपाचे. आणि दुसऱ्या टोकाला, फणसाच्या सावलीत, तुमचे व्हायबर्नम. फणसाची मुळे तिथवर आली आहेत, ते चालेल का?

कुळागरवाली
बी कशाला, झुडपाखाली रोपे उगवलेली आहेत. पहिला पाऊस झाला की मातीच्या गड्ड्यासकट काढून देईन. येताना गोणपाट आण.

चिरेबंदी
फणसाच्या मुळांत खणू नका, ती तुटतील आणि माझे झाडही उपाशी राहील. दीड फूट उंच चौथरा करा, बुडाला चिऱ्याचे तुकडे टाका आणि बुंधा फणसापासून निदान आठ फूट दूर ठेवा. गुटी मी जूनमध्ये बांधेन, गणपतीपर्यंत मुळे धरतील, पण तुम्ही ती दसऱ्यानंतर न्या. मुसळधार पाऊस ओसरलेला असेल आणि थंडीचे दोन महिने तिला रुजायला मिळतील. मुळांभोवती नारळाचे ओले सोडण गुंडाळून देईन, ते न काढता तसेच चौथऱ्यात ठेवा.